आत्तींनी ऐकलेली शीळ

आत्मा, भास वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही. बी.एस्सी. झालेय, क्लासमध्ये मुलांना विज्ञान शिकवायचे. तरी मागच्या वर्षी आमच्या गोठ्यात जे झालं ते जसंच्या तसं सांगते... हसायचं असेल तर हसा.

आम्ही कळंब्याला राहतो, तलावापासून जवळच. माझा नवरा सुनील ऐन पंचेचाळिशीत हार्ट अटॅकनं गेला. मागं राहिलो मी, सासूबाई — त्यांना मी आत्ती म्हणते — आणि सुनीलची म्हैस. ती फक्त त्याच्याच हाताला पान्हा सोडायची. गल्लीच्या तोंडाशी त्यानं शीळ घातली की ही कान टवकारून दाराकडं वळायची.

तो गेला आणि म्हैस आटायलाच लागली. सरकी-पेंड घातली, डॉक्टर आणले. मी रोज धार काढायला बसायचे, ती लाथ झाडायची. त्यातच क्लास बंद पडला. पुढं काय, काही सुचेना. शेवटी म्हैस विकायची ठरली.

व्यापारी टेम्पो घेऊन येणार त्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, शेवटचं म्हणून मी तिच्याखाली बसले. लख्ख ऊन होतं. सडाला हात लावला... आणि एकाएकी तिनं मान वळवली. कान उभे. दाराकडं बघून हळूच रेकली. दारात कुणी नव्हतं. मला काही ऐकूही आलं नाही.

तेवढ्यात आतून आत्ती ओरडल्या, "सुन्या आला व्हय गं? शीळ वाजली की!"

आत्तींना गेली सात-आठ वर्षं कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही.

मी परत दाराकडं बघितलं. पण हात थांबले नाहीत, कारण धार सुरू झाली होती. मी रडत होते आणि पिळत होते. बादली फेसानं भरत आली.

व्यापारी आला, बादली बघून म्हणाला, "वैनी, पान्हावलीय की वो! मग इकताय कशाला?"

"न्हाय इकत," मी म्हणाले. कधी म्हणाले, मलाच कळलं नाही.

आता दोन म्हशी आहेत. धारा काढून झाल्या की चार मुलांना घरीच शिकवते.

डॉक्टर म्हणतात, जनावराला तुमच्या हाताची सवय झाली असेल. असेलही. आत्तींना भास झाला असेल. पण दोघींना एकाच क्षणी? आत्तींना मी कधी विचारलंही नाही. त्या संध्याकाळी दुधाचा पेला तोंडाला लावताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुझा हात बसला गं आता."