समुद्राला घातलेलं गाऱ्हाणं

अंदमानातल्या त्या बेटावर आमचा शेवटचा दिवस होता आणि आईला खरं काय ते सांगायचं काम माझ्याकडे होतं. दादाने ते माझ्यावर ढकललं होतं. "तू मुलगी आहेस, तुला जमेल," एवढं बोलून तो ऑफिसच्या कामासाठी मुंबईतच थांबला. मुलगी असण्याचा आणि जमण्याचा काय संबंध, हे मी त्याला विचारलं नाही. मलाही दुसऱ्या कोणावर ढकलता आलं असतं तर मी ढकललंच असतं.

खरं एवढंच होतं की आईला औषधं आता लागू पडत नव्हती. डॉक्टरांनी आम्हा तिघांना, म्हणजे बाबांना, दादाला आणि मला आत बोलावून सांगितलं, दोन-तीन महिने धरून चला. आई तेव्हा शेजारच्या खोलीत हातातली सुई काढून घेत होती. बाहेरच्या बाकड्यावर बसून आम्ही ठरवलं, तिला इतक्यात काही कळू द्यायचं नाही. ती बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कोर्स संपला, आता फक्त आराम." तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "मग माका गावाक न्हेवन सोडा. भयणीकडे रवतंय थोडे दिवस."

आता गावाला कसं न्यायचं? आमच्या मालवणाकडच्या वाडीत माणसं आजाऱ्याला भेटायला येतात ती पायरीवरूनच डोळे पुसत येतात. मावशीला आधी सांगावं लागलं असतं, आणि मावशीला सांगितलं की एसटीच्या कंडक्टरलाही कळलंच म्हणून समजा. शेवटी दादाने तोडगा काढला. जिथे आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही अशा ठिकाणी तिला न्यायचं, पाच दिवस मजेत ठेवायचं आणि शेवटच्या दिवशी शांतपणे सांगायचं. आईला म्हटलं, गावचा रस्ता खड्ड्यांचा, डॉक्टर नको म्हणाले. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. पण एकदा खोटं बोलायला सुरुवात केली की पुढचं आपोआप सुचत जातं.

आई काही सहज मजेत राहणारी बाई नव्हती. हॉटेलच्या मालकाने पहिल्याच दिवशी कौतुकाने नारळाची बाग दाखवली, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "माडाची झाडा बघूक इतक्या लांब इलंव? ही तर माझ्या परसात होती." तिथल्या माशाच्या आमटीत कोकम नाही म्हणून तिने आचाऱ्याला हिंदीत झापलं, आणि तिचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडलेलं. दुसऱ्या दिवसापासून सामानातली तिची आमसुलं स्वयंपाकघरात गेली. बाबा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचे आणि ती वाळूत बसून त्यांना हसायची. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय. चौथ्या दिवशी मात्र ती मध्येच म्हणाली, "हयसर सगळा आमच्या गावासारख्याच आसा. फक्त माणसां नाय." मी मोबाईलमध्ये तोंड घातलं.

परतीची बोट दुपारी दोनची होती. सकाळी ती बॅग भरत असताना मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "आई, तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "आधी तो ओलो टॉवेल भायर वाळत घाल." मी मुकाट्याने टॉवेल घेऊन बाहेर गेले. खरं सांगते, देव पावल्यासारखं वाटलं मला. तो टॉवेल मी इतक्या नीटपणे दोरीवर घातला की आयुष्यात कधी घातला नसेल. आत आले तेव्हा ती पिशवीची चेन ओढत होती आणि माझा धीर संपला होता.

नाश्ता झाला. किनाऱ्यावर एक फेरी झाली. अकरा वाजले. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मग वेळ काढायचा म्हणून की काय, मला एकदम सुचलं, की निघण्याआधी समुद्राला नारळ द्यावा. आईला बरं वाटेल. मी हॉटेलातून एक सोललेला नारळ मागून आणला आणि बाबांच्या हातात दिला. म्हटलं, "बाबा, गाऱ्हाणं घाला."

माझी चूक झाली ती इथे. लालबागला आमच्या चाळीत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान वर्षानुवर्षं बाबांचाच. चाळ पडून टॉवर झाला, बाबांची मिल तर त्याआधीच गेली, पण तो मान राहिला. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. एकाने देवाशी मोठ्या आवाजात बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. त्यात कोणाच्या पोरीचं लग्न अडलंय, कोणाचा मुलगा पितो, कोणाच्या घरात भावाभावांचं बोलणं नाही, सगळं येतं. लाज धरून चालत नाही. जे सांगितलं नाही ते मागता येत नाही, हा त्यातला नियम. देवासमोर आडपडदा ठेवला तर गाऱ्हाणं पोचत नाही, असं बाबाच आम्हाला सांगायचे. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मी त्या सकाळी साफ विसरले. मला त्यात फक्त नारळ आणि आईचं हसणं दिसलं.

बाबा घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल टाकला. नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा देवा, समुद्रदेवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां लालबागसून तुझ्या पायाकडे इली हत, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई आणि मी म्हणालो. आईचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

"पाच दिवस तुझ्या अंगणात ऱ्हवली, खाल्ली, प्याली. कोणाच्या पायाक काटो लागाक दिलंस नाय, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आता ती आपल्या घराक जातत. तेंचो परवास सुखाचो कर, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इथे थांबतील असं मला वाटलं. बाबांनी नारळ थोडा वर उचलला आणि त्यांचा आवाज बदलला. फारसा नाही, पण मला कळलं. मी एक पाऊल पुढे टाकलं, तोवर ते बोलून गेले.

"आणि ही माझी घरकारीण. चाळीस वर्सां माझ्या वांगडा संसार केल्यान. तिचा दुखणा आता औषधाक ऐकणा नाय. डाक्टरान हात टेकले. दोन-तीन म्हयने म्हणतत. तितक्या दिवसांत तिका यातना नको दिव, रे म्हाराजा."

मी होकार भरला नाही. बाबा समुद्राकडे तोंड करून तसेच उभे होते, होकार आल्याशिवाय नारळ सोडता येत नाही म्हणून. मी आईकडे बघू शकले नाही.

"व्हय म्हाराजा," आई एकटीच म्हणाली.

बाबांनी नारळ पाण्यात सोडला. वळले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. मी रागाने म्हटलं, "बाबा, आपलं काय ठरलं होतं?" ते म्हणाले, "मी तिका खय सांगलंय? मी देवाक सांगलंय." सगळ्यांत त्यांचंच बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर राग आला होता.

आई वाळूत बसली. मीही बसले, तिच्या शेजारी, अंगाला अंग लागेल इतकी जवळ. ती रडेल, ओरडेल, मला दोन शब्द सुनावेल, मी सगळ्याला तयार होते. तिने पायावरची वाळू झटकली आणि विचारलं, "तुका कधी कळला?"

मी सांगितलं. कोर्स संपला असं मी तिला म्हणाले, त्याच दिवशी.

तिने मान हलवली. मग म्हणाली, "रडाक तरी आपला माणूस व्हया. हयसर कोण आसा?"

मी शेजारीच बसले होते. मी तिची मुलगी, तिचं जेवणखाण, औषधपाणी सगळं करणारी, आणि त्या वाक्यात मी कुठेच नव्हते. तिला टोमणा मारायचा नव्हता. तसा असता तर मी ऐकून घेतला असता आणि सोडून दिला असता.

तिने माझ्याकडे फोन मागितला. मावशीला लावून दे म्हणाली. चार वेळा लागला नाही, पाचव्यांदा लागला. तो घेऊन ती उठली आणि आमच्यापासून लांब, माडांच्या बाजूला गेली. पाठ आमच्याकडे होती. तिचे खांदे हलताना दिसत होते. बाबा आणि मी पायांत चपला अडकवून उभे राहिलो, बोलावलं तर जायचं म्हणून. तिने बोलावलं नाही. फोन परत दिला तेव्हा तो गरम झाला होता आणि ती म्हणाली, "चला, बोट चुकात."

तिला गावाला न्यायचं मी बोटीतच ठरवलं, तिकिटंही बघितली. पण मुंबईत उतरल्यावर आठवड्याभरात तिला उठून बसणंही जड झालं. मावशीच लालबागला आली आणि शेवटपर्यंत राहिली.

ते नऊ आठवडे आई माझ्याशी नेहमीसारखीच वागली. केस विंचरून घ्यायची, भाताची पेज माझ्या हातून खायची, माझ्या ऑफिसातल्या भांडणांवर हसायची. रोज सकाळी निघताना आणि रोज संध्याकाळी आल्यावर मी विचारायचे, "आई, दुखतंय का?" ती म्हणायची, "नाय गो. बरी आसंय." मला वाटायचं, बाबांचं गाऱ्हाणं पोचलं.

ती गेल्यानंतर, तेरावं झाल्यावर, मावशी गावी परतायला निघाली. तिची पिशवी बांधून देताना मी म्हटलं, एवढं एक बरं झालं, तिला फार दुखलं नाही. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि खरं काय ते सांगितलं. दुपारभर आई तिचा हात धरून कण्हायची, पदर दातांत धरायची आणि घड्याळाकडे बघत राहायची. माझी यायची वेळ झाली की तोंड पुसून घ्यायची आणि उशीला टेकून बसायची.