फळीवर उभं राहायला शिकवणारे आबा

त्या आबांचं नाव मला आजही ठाऊक नाही. दौंडजवळ धरणामुळं पसरलेल्या भीमेच्या फुगवट्यावर मी भल्यामोठ्या पतंगाला लटकून पाण्यावर बोर्ड चालवायला शिकत होतो. वाऱ्याकडं तोंड करून वळताना इतक्यांदा पडलो, की मासे मला नावानं हाक मारू लागले. वळणं जमलं नाही, की वारा थेट पल्याडच्या जिल्ह्यात नेऊन टाकायचा!

काठावर मेंढ्या राखणारे आबा कंबर हलवून दाखवत ओरडले, "आरं, रान सपाट करायच्या फळीवर हुभा ऱ्हायलास का कवा? बैल वळताना मागच्या टाचंवर रेलायचं, पुढचा पाय हलका! वळलं की पाय बदल!"

टाच रोवली. बोर्ड वळला, पाय बदलले आणि मी सुसाट काठाकडं! बघतो तर आबा धोतर खोचून गुडघाभर पाण्यात.

"उतर आता. मला दे!"