मल्होत्रीण काय म्हणाली

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवापुढेसुद्धा नीट नाही — तिथं बसले की मी दुसरंच काहीतरी बोलत राहते. तुम्हाला सांगते. माझी चौथी झालेली, तेव्हा बोलते तसंच येईल.

आमच्याकडे जेवताना भांडण असतं. माझा मुलगा विलास अन् नात ईशा. ईशा इथंच गुडगावात, त्या काचेच्या बिल्डिंगीत कामाला आहे. बाप म्हणतो डाटा, ती म्हणते डेटा. मोबाइलवर ती हलणारी चित्रं येतात ना, त्याला एक गिफ म्हणतो, एक जिफ. परदेशातल्या कुठल्या साहेबाचं नाव निघालं की मग तर विचारूच नका. हसत हसत भांडतात, अन् मग ईशा आईला म्हणते, मम्मा, तू सांग. आणि मनीषा — माझी सून — पोळी वाढता वाढता म्हणते, मला नको विचारू बाळा, माझं सगळंच चुकतं. सगळे हसतात. मी पाणी पिते.

तिचं चुकत नव्हतं. तेच सांगायचंय.

थोडं मागे जाते. मी सोलापूरकडून लग्न होऊन दिल्लीला आले. नवरा सरकारी ऑफिसात शिपाई. विलास लहान असतानाच ते गेले, मग मी करोलबागेत मराठी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. हात भाजले, पाय सुजले — ते राहू दे, त्याचं काही नाही. पण मी नवीन होते तेव्हा नळावरच्या बायका मला मुद्दाम हिंदी बोलायला लावायच्या. मी बोलले की एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. मग कितीतरी दिवस मी भाजी बोटानं दाखवून आणली. तोंडच उघडलं नाही. हे का सांगते? कीव यावी म्हणून नाही. कुठं मारलं की माणूस गप्प होतं, ते मला माहीत होतं — म्हणून.

विलासला नोकरी लागली अन् आम्ही गुडगावात आलो. तेव्हा रस्त्याला दिवे नव्हते, म्हशी फिरायच्या, अन् मधेच काचेचे टॉवर. तिथं फोनवर बोलायच्या नोकऱ्या निघाल्या. अमेरिकेत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की तो माणूस इथं फोन करायचा म्हणे. मनीषा बार्शीची, मराठी शाळेतली, पण बीकॉम झालेली. ईशा तेव्हा बालवाडीत. मनीषानं अर्ज केला अन् पहिल्या फेरीत पास झाली. दुसऱ्या फेरीत ऑफिसात जाऊन साहेबांसमोर फोनवर बोलून दाखवायचं. ते जमलं की नोकरी पक्की.

मग तिची तयारी सुरू. इंग्रजी बोलायचा क्लास लावला, तिथल्या सरांनी तिला नाव दिलं होतं, कॅरन. मनीषा चालत नाही म्हणे, गोऱ्यांना म्हणता येत नाही. गिऱ्हाइकांच्या नावांची कॅसेट होती. एक नाव तर लिहायचं सीन अन् म्हणायचं शॉन. विलास म्हणायचा, असं कोणी म्हणत नाही, आमच्या ऑफिसात बघ. ती म्हणायची, सर असंच म्हणतात. समोर माणूस असलं की ती लाजायची, म्हणून तिनं युक्ती काढली. खाली मल्होत्रीण राहायची, इंग्रजी शाळेत टीचर, मोकळी बाई. मनीषा तिच्याकडे जाऊन तिथून आमच्या घरी फोन लावायची. अन् गोरं गिऱ्हाईक कोण? मी. रिसीव्हर कानाला लावून बसायचे अन् मधे मधे यस, यस म्हणायचे. तेवढंच शिकवलं होतं मला.

छान वाटायचं ऐकायला, खोटं कशाला बोलू. पण तो आवाज माझ्या सुनेचा नव्हता. आई, मीठ संपलंय म्हणणारी ती ही नव्हे. ही कुणी मोठी बाई होती, कशाला न घाबरणारी. मी रिसीव्हर धरून मनात म्हणायचे — उद्या ही कमवायला लागली की या घरात मी कोण? रात्रीची ड्यूटी, लोक काय म्हणतील, असं मी स्वतःला सांगून बघितलं. खोटं ते. लोकांचं मला कधी काही पडलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी दूध आणायला खाली गेले तर मल्होत्रीण भेटली. माझा हात धरला अन् म्हणाली, "माताजी, आपकी बहू बिल्कुल साफ़ बोलती है. हमारे स्कूल की टीचरें भी ऐसा नहीं बोलतीं. इसको रोकना मत."

मी हसले. जिना चढायला लागले. मधे थांबलेसुद्धा — म्हणजे मला वेळ होता. झटक्यात तोंडून गेलं असं नाही.

मनीषा कणीक मळत होती. आंटी भेटल्या का, काही म्हणाल्या का, तिनं विचारलं. मी दूध ओट्यावर ठेवलं.

"हसत होती ती. म्हणाली, ऐसी अंग्रेजी सुनके तो गोरे फोन पटक देंगे."

तिचे हात कणकेतच राहिले. मग हळूच म्हणाली, "आई, सगळंच चुकतं म्हणाल्या, की थोडंथोडं?"

इथं मला मागं फिरता आलं असतं. थोडंथोडं म्हटलं असतं तरी पोर दुसऱ्या फेरीला गेली असती.

"सगळंच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सूट घालून ती खुर्चीत बसून राहिली. ठरवलेला ऑटोवाला खाली हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. विलासला म्हणाली, पोटात दुखतंय. परत कधी अर्ज केला नाही.

मल्होत्रिणीला मी सांगितलं, बहू का मन नहीं है. मनीषानं तिच्याकडे जाणं सोडलं, जिन्यात दिसली की खाली मान. त्या बाईला कळेचना, आपलं काय चुकलं. दोघी एकट्या भेटल्या तर? — म्हणून दूध, भाजी, सगळं मीच आणायला लागले. शेजारणी म्हणायच्या, सासू किती करते सुनेचं. पुढं मल्होत्रा नोएडाला राहायला गेले. तेव्हा मला झोप लागली.

परवा मनीषा माझ्या गुडघ्यांना तेल लावत होती. ईशाच्या ऑफिसाचं काही निघालं, अन् ती आपणहून म्हणाली, "आई, तुम्ही तेव्हा तोंडावर सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर तिथं चारचौघांत हसं झालं असतं माझं. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

मनापासून म्हणाली. आभार मानत होती माझे.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अन् दुसरा पाय पुढं केला.