मुठीतले कांदे

धुळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका एकदम धावताना दिसल्या, तर त्याचा अर्थ एकच असायचा. टँकर आला. नळ होता, पण तो भिंतीला शोभा म्हणून. त्यामुळे नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या उन्हाळ्यात एका पहाटे मला जाग आली, शेजारी बायको नव्हती, आणि खिडकीतून पाहतो तर ती पदर खोचून रस्त्यानं धावते आहे, तिच्या मागे आमच्या घरमालकीणबाई, तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. हंडा घेतला, कळशी घेतली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत आणि बनियनवर निघालो.

मी सरकारी कचेरीतला कारकून. असा माणूस दाढी न करता, चप्पल न घालता हंडा घेऊन पळतोय म्हटल्यावर गल्लीनं बातमी पक्की धरली. दारं उघडली. बादल्या निघाल्या. पांझरेच्या काठी शाळेचं मैदान होतं, तिथपर्यंत मी पोचलो तेव्हा माझ्या मागे अर्धी गल्ली होती.

मैदानात टँकर नव्हता. चार बायका होत्या आणि त्या गोल गोल धावत होत्या.

"माय व," घरमालकीण अक्का कमरेवर हात ठेवून थांबल्या, "हाऊ कथा चालना हंडा लई?"

मी हंडा घेऊन कुठं निघालो ते सांगितलं आणि टँकरचं विचारलं.

"पानी नही शे भाऊ. घर जाय," अक्का म्हणाल्या. "आनि पँट घालीसन ये."

लोक नुसते माझ्याकडे बघत परत गेले. पुढं कित्येक दिवस कोपऱ्यावरचा पानवाला मला अदबीनं विचारायचा, "साहेब, आज कुठं येणार आहे टँकर?"

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, की बाई गं, हे काय चाललंय आणि मला का सांगितलं नाहीस?

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, विचार करून सांगतो," ती म्हणाली. "मग भरतीच निघून गेली असती."

भरती पोलिसांची होती आणि ती समोरच्या ड्रायव्हरभाऊंच्या मुलीला द्यायची होती. ड्रायव्हरभाऊ एसटीत. सकाळची चाळीसगाव गाडी त्यांच्याकडे. माणूस कमी बोलणारा. बोलला तरी पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत असल्यासारखा. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, लांब पायांची. कॉलेजच्या खेळांमध्ये तिला कोणी गाठू शकत नव्हतं. तरी आदल्या वर्षी ती भरतीच्या धावण्यातच नापास झाली होती, आणि का झाली ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, मला सोडून.

त्याचं असं झालं होतं. भरतीला छातीवर कापडी नंबर लावतात. ओढणी नेहमीसारखी पुढून घेतली की नंबर झाकला जातो. मैदानावरच्या साहेबांनी सांगितलं, नंबर दिसला पाहिजे. हिनं ओढणी नुसतीच खांद्यांवरून मागे टाकली. धावताना ती घसरली. आणि इतक्या पुढं असलेली ही पोरगी, कुंपणाला खेटून उभ्या असलेल्या माणसांसमोर थांबली, ओढणी नीट केली, आणि पुन्हा धावायला लागली. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं.

ड्रायव्हरभाऊंनी यंदा परवानगी दिली, पण तीन गोष्टी सांगून. अंधारात एकटीनं सरावाला जायचं नाही. ओढणीशिवाय चार लोकांत पळायचं नाही. आणि हे शेवटचं. नाही जमलं तर सावद्याच्या स्थळाला हो म्हणायचं. मुलगा चांगला होता, केळीची बागायत होती, नावं ठेवायला जागा नव्हती. मुलीनं बापाला उलट उत्तर दिलं नाही. ती फक्त आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, मला तिथं जायचं नाहीये."

तिच्या आईला पहाटे ड्रायव्हरभाऊंचा डबा असायचा. म्हणून सोबतीला माझी बायको निघाली. पोरगी पळायला लागली की बायकोला एकटीला भीती वाटेल म्हणून अक्का निघाल्या. आणि अक्का कुठं जातात ते बघायला मागच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या आपा आल्या, त्या राहिल्याच. सुरुवातीला या तिघी मैदानाच्या कडेला बसून राहायच्या. मग डास चावतात म्हणून चालायला लागल्या. मग, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, "नुसतं चालून पोरीशी बोलता येईना, ती पुढंच जायची, म्हणून जरा पळालो." साठी ओलांडलेल्या अक्का मैदानातल्या लिंबापर्यंत पळायच्या आणि लिंबाखाली बसून बाकीच्यांना शिव्या द्यायच्या. महिनाभरात त्या लिंब ओलांडून पुढं गेल्या.

मला हंड्याच्या प्रकरणानंतर काम मिळालं. सायकलवर बसायचं आणि मागून बॅटरीचा उजेड पाडायचा. शिवाय कुत्री हाकलायची. कुत्र्यांना माझा अंदाज लवकर आला. एकदा एक काळं कुत्रं असं मागे लागलं की मी चौघींना मागे टाकून पुलापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा आपा म्हणाल्या, "भाईजान को भी भरती में भेजो."

पण उजेड पाडता पाडता मला एक गोष्ट दिसली. चौघीही एकच हात हलवून धावत होत्या. दुसरा हात खांद्याशी. पदर घसरला नसला तरी हात तिथं जायचा, चाचपायचा, परत यायचा. मुलीचंही तेच. मी ते विद्वानासारखं बोलून दाखवलं.

"मंग?" अक्का म्हणाल्या. "हात रिकामा ऱ्हायना का तो पदरकडे जास. त्याले काम दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पदराच्या ओटीत कांदे आणले. लहान, मुठीत मावतील असे. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत एकेक. कांदा पडता कामा नये, मूठ उघडता कामा नये. जिचा पडेल तिनं पुन्हा पहिल्यापासून पळायचं. पदर गेला तर गेला, पिन लावून या.

पहिल्या दिवशी मैदानभर कांदे झाले. मी ते बॅटरीनं शोधत फिरलो. बायकोचा पदर घसरला तेव्हा तिनं तो दातांत धरला, पण कांदा सोडला नाही. अक्कांनी कांदा सोडला, आणि वर सांगितलं की तो कुजका होता. मुलगी मात्र अजून थांबत होती. ओढणी सरकली की मूठ उघडायची, कांदा टपकन खाली, आणि ती तो उचलून पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर जायची. असं कितीतरी दिवस चाललं. ते कांदे आम्ही पोह्यांत खाल्ले. मातकट लागायचे.

धावणं झालं की त्या चौघी शाळेच्या पायऱ्यांवर टेकायच्या. मी लांब सायकलपाशी. काय बोलायच्या ते ऐकू येत नसे, हसणं तेवढं यायचं. माझी बायको तशी हसते हे मला माहीत नव्हतं. घरी ती हसायची, नाही असं नाही, पण ते भांडी घासता घासता. इथं ती मागे हात टेकून, पाय लांब पसरून हसायची. आपांनी घरी दूध आणायला जाते असं सांगितलेलं होतं. त्यांच्या मियाँच्या लक्षात आलं तेव्हा दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः दुधाला जायला लागले, आपांना पळायला वेळ मिळावा म्हणून. हे आपांनी पायऱ्यांवर सांगितलं तेव्हा कोणीच हसलं नाही, असं बायको सांगत होती. अक्कांनी फक्त आपांच्या पाठीवरून हात फिरवला.

आपांनी मुलीसाठी नवा कुडता शिवला. जाड पॉपलिन, पुढून दुहेरी, सैल, नंबर लावायला सरळ. ओढणीची गरजच पडू नये असा. तो घेऊन माझी बायको आणि अक्का ड्रायव्हरभाऊंच्या ओट्यावर गेल्या. मलाही नेलं, पुरुषमाणूस असावा म्हणून. मी एका कोपऱ्यात पुरुषमाणूस म्हणून बसलो.

ड्रायव्हरभाऊंनी कुडता हातात घेतला, शिवण उलटून पाहिली. "काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण ओढणी राहील."

"भाऊ, मागच्या साली त्याच्यामुळेच तर," बायको म्हणाली.

"वहिनी, मी रोज गाडी चालवतो. गाडीत लोक काय काय बोलतात, मला ऐकू येतं." ते परत रस्त्याकडे बघायला लागले. "तिच्याबद्दल मला तसं ऐकू यायला नको."

मला वाटत होतं, ते चिडून काही बोलले असते तर बरं झालं असतं. आत मुलगी दाराच्या आड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

भरतीच्या दिवशी पोलीस मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर आम्ही आणि मुलीची आई सकाळपासून उभे होतो. ऊन चढत होतं. मुलगी नव्या कुडत्यात आणि तिच्या खांद्यांवरून मागे टाकलेली पांढरी ओढणी. बापाचा शब्द तिनं पाळला होता. ड्रायव्हरभाऊ येणार नव्हते, ड्यूटी होती. पण धावणं सुरू व्हायच्या बेतात होतं तेव्हा खाकी कपड्यांतच, खांद्यावर पंचा टाकलेले, ते येऊन आमच्यापासून थोडे लांब उभे राहिले.

शिट्टी झाली. मुली निघाल्या. आमची मुलगी पहिल्या दोघीतिघींत. पलीकडच्या वळणावर ती पुढं आली, आणि आमच्या बाजूला वळताना वाऱ्यानं ओढणी एका खांद्यावरून उडाली. कुंपणाला खेटून माणसं होती, मागच्या वर्षीसारखीच. कोणीतरी काहीतरी बोललंही. माझ्या बायकोनं माझं मनगट धरलं. मी पाहत होतो मुलीच्या हातांकडे. मुठी मिटलेल्या होत्या.

ओढणी दुसऱ्या खांद्यावरूनही गेली. जमिनीवर पडली नाही, तशीच वाऱ्यानं येऊन ड्रायव्हरभाऊंच्या पुढ्यात तारेला अडकली. मुलगी त्यांच्यासमोरून गेली. तिला बाप दिसला. एक क्षण तिची मान वळली एवढं नक्की. पण पाय थांबले नाहीत.

ड्रायव्हरभाऊ वाकले. तारेतून बोटं घालून, काट्यातून एकेक धागा सोडवत, फाटणार नाही अशी त्यांनी ती ओढणी बाहेर काढली. झटकली. घडी घातली. खांद्यावरचा पंचा काढून खिशात कोंबला आणि त्या जागी ती ठेवली. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "पळ बेटा."

"जोरमा बोल ना भाऊ," अक्का म्हणाल्या. "तठलोंग तिले कसं ऐकू जाई?"

त्यांनी माणसांकडे पाहिलं. मग रस्त्यात आडव्या आलेल्या म्हशींसाठी ठेवलेला आवाज त्यांनी काढला. मैदानातल्या साहेबांनीसुद्धा वळून बघितलं. आपा, अक्का, माझी बायको, मुलीची आई, सगळ्यांनी तोच आवाज काढला. मीही तोंड उघडलं होतं, पण त्यातून काय बाहेर पडलं ते मला ठाऊक नाही, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं. धुळीमुळे असेल.

ती पहिली आली नाही, दुसरी आली. तेवढं पुरेसं होतं. पुढं लांब उडी, मुलाखत, वैद्यकीय, बरंच काही व्हायचं होतं आणि ते यथावकाश नीट झालं. पण त्या दिवशी कोणालाच त्याचं काही पडलेलं नव्हतं. ती फाटकाबाहेर आली तेव्हा ड्रायव्हरभाऊंनी घडी केलेली ओढणी तिच्यापुढं धरली. तिनं ती घेऊन घाम पुसला. ते म्हणाले, "मी जातो. गाडीचा टाइम झाला." आणि गेले. सावद्याला काय कळवायचं ते विचारायची कोणाला गरज पडली नाही.

आम्ही दोघं पायीच घरी निघालो. बायकोचे डोळे पुन्हा पुन्हा भरत होते आणि ती ते पदरानं पुसत होती. मी आपला समजूत काढायला लागलो, की पोरगी पास झाली, आता कसलं रडतेस.

"तिच्यासाठी नाही हो," ती म्हणाली. "माहेरी, असोद्याला, मी शेतातून घरापर्यंत अशीच पळायची. बांधावरून. भाऊ मागं राहायचे माझे. आज सकाळपासून आठवतेय, हे बंद कधी झालं. कोणी थांब म्हटलं असतं तर त्याच्यावर रागावता आलं असतं. कोणीच नाही म्हटलं. एक दिवस बघते तर मी चालत होते."

थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "उद्या कांदे आपल्याकडचे न्यायचेत. अक्कांचे संपले."