पुलाखालचा मासा

आर्मास तुओमेला खोटं बोलायचा ते वर्षातून एकदाच, पण तेवढं मात्र न चुकता. एरवी माणूस इतका सरळ, की उभा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला, तरी कुंपणासाठी एक फळी कधी फुकट उचलून आणली नाही. शनिवारी सौनाच्या वाफेत घाम गाळावा, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसावं आणि बोलायचंच झालं तर हवेबद्दल बोलावं, एवढाच त्याचा संसार. पण एप्रिल सरत आला आणि हेरन लेक या तळ्यावरचा बर्फ सुटला, की हा माणूस सकाळी बोट घेऊन एकटाच निघायचा, दुपारी परतायचा आणि डोरीनच्या गळ-आमिषांच्या दुकानात कॉफी प्यायला टेकायचा. बास मासे कुठं लागले, असं कोणी विचारलं की कपात बघत म्हणायचा, "पुलाखाली."

पुलाखाली मासे नव्हतेच. बाहेरगावची मंडळी त्याचं ऐकून तिथं दिवसदिवस कुडकुडत उभी राहायची आणि नाकं लाल करून घरी जायची. आता हे खोटं आमच्याकडे कोणी पाप धरत नाही. शेजाऱ्याला बायकोशी झालेलं भांडण सांगावं, पोटाचं दुखणं सांगावं, पण बर्फ सुटल्यावरची माशाची जागा सांगू नये. बाप मुलाला सांगतो तेही मुलगा बऱ्यापैकी मोठा झाल्यावर. आर्मासचा मुलगा मोठा झाला तो थेट मिनियापोलिसला गेला. त्याला मासा ताटात आलेला आवडतो.

आर्मासची खरी जागा उत्तरेच्या काठाला होती. सीडरची झाडं पाण्यावर ओणवी झालेली, त्यांच्यामधून बोट जेमतेम शिरेल एवढी फट, आणि आत काळ्या चिखलाचं उथळ पाणी. तो त्या जागेला मनातल्या मनात खोबण म्हणायचा. मोठ्यानं कधी म्हटलंच नव्हतं. तळ्याच्या मध्यावर अजून करडा बर्फ तरंगत असायचा, तेव्हा या खोबणीत दिवसभर ऊन पडायचं, काळा चिखल तापायचा आणि हिवाळाभर खोल पाण्यात गारठलेले बास तिथं ऊन खायला यायचे, म्हातारे ओसरीवर येतात तसे.

अशा वेळचा बास आळशी असतो. तो कशाच्या मागं धावत नाही. लाकडाचा खोटा मासा पाण्यात टाकायचा, दोन हिसके द्यायचे आणि थांबायचं. किती थांबायचं याचं आर्मासचं स्वतःचं माप होतं: आजीनं शिकवलेली 'आमच्या स्वर्गातल्या बापा' ही प्रार्थना, फिनिश भाषेतली, अथपासून इतिपर्यंत. आमेन झालं की पुन्हा दोन हिसके. बऱ्याचदा 'आमची रोजची भाकर'पाशीच मासा तोंड उघडून तो खोटा मासा आत घ्यायचा, पण इतक्या हलक्यानं, की हाताला काही म्हणजे काही कळायचं नाही. फक्त पाण्यात शिरणारी दोरी जराशी बाजूला सरकायची. ती सरकलेली दिसली तर मासा तुमचा. नाही दिसली तर तो ते लाकूड चाखून थुंकून देतो आणि तुम्ही आमेन म्हणत बसता.

आणि आर्मासला दोरी दिसेनाशी झाली.

डोळ्यांचं हे दुखणं विचित्र होतं. कडेचं सगळं नीट दिसायचं, मधलंच नाहीसं व्हायचं. बायकोकडे, सायमाकडे बघितलं की तिच्या मागचं घड्याळ दिसे, खिडकी दिसे, सायमा नाही. गेल्या वसंतात तर डोळ्यात सुया घ्यायला मार्केट शहरातल्या इस्पितळात खेपा घालण्यातच बर्फ सुटला आणि संपलाही. आर्मास गेला नाही. वर्षभर त्यानं तक्रारीचा शब्द काढला नाही, पण बोटीवरचं ताडपत्रीचं पांघरूणही काढलं नाही. सायमाला त्याचीच जास्त भीती वाटायची.

यंदा वारा दक्षिणेचा सुटला. काठावरच्या बर्फाच्या कांड्या एकमेकींवर आपटून किणकिणायला लागल्या. सायमा वेलदोड्याचा पाव कापता कापता म्हणाली, "रूडीला घेऊन जा."

"कुठं?"

"तुला माहीत कुठं ते. दोरी बघायला माणूस लागतो ना? रूडीचे डोळे घारीसारखे आहेत."

"आणि तोंड?"

"तोंडाचं काय करायचंय तुला?"

"त्यापेक्षा चर्चच्या घंटेला बांधून नेतो बोटीत," आर्मास म्हणाला. "ती निदान रविवारीच वाजते."

रूडी केस्टिला म्हणजे शेजारचा. वर्षानुवर्षं हिवाळ्यात गावच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायची गाडी चालवून निवृत्त झालेला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाची गाय आटली, कोणाच्या पोरीनं केस निळे केले, सगळं त्याच्याकडून गावभर. त्याला जागा दाखवायची म्हणजे वर्तमानपत्रात छापायचीच. पण न्यायचं नाही, तर मग बोट विकून टाकायची आणि उरलेले वसंत खिडकीशी बसून काढायचे. डोळे उसने घ्यावेत तर गुपित जातं, गुपित राखावं तर मासे जातात. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण तीच मूठ घेऊन गळ धरता येत नाही.

आर्मासनं रात्र कूस बदलण्यात घालवली आणि सकाळी जाऊन रूडीचं दार ठोठावलं.

"दोरी बघायला येशील का माझी?"

रूडी क्षणभर काहीच बोलला नाही. ही गोष्ट इतकी अपूर्व, की आर्मासला वाटलं, हा आजारी बिजारी आहे की काय.

"कॉफी कुणाची?" रूडीनं शेवटी विचारलं.

"सायमाची."

"मग येतो. तुझी असती तर विचार करावा लागला असता."

धक्क्यावरून बोट पाण्यात ढकलली तेव्हा ऊन कोवळं होतं. आर्मास पुढं बसला, रूडी मागं मोटरपाशी. मधल्या फळीवर सायमानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेल्या खिमा-बटाटा भरून भाजलेल्या दोन पेस्ट्या, उबेसाठी आर्मासच्या जुन्या टोपीत ठेवलेल्या. आर्मासनं मनाशी बेत केला होता. आधी पुलाच्या दिशेनं जायचं, मग बर्फाला वळसा घालायचा, रूडीला दिशाच कळू द्यायची नाही, आणि अगदी शेवटच्या घडीला सांगायचं, डावीकडे. तेवढीच अब्रू.

"आधी जरा पुलाकडे घे," तो म्हणाला.

"घेतो की," रूडी म्हणाला, आणि मग सुनेच्या नव्या गाडीबद्दल, चर्चच्या गळक्या छपराबद्दल आणि डोरीन दुकान विकणार की नाही याबद्दल त्याची टकळी सुरू झाली. बोट पुलाकडे गेली, वळली, तरंगत्या बर्फाच्या कडेकडेनं निघाली. आर्मासला कडेनं सीडरचा काळा पट्टा दिसायला लागला. आता सांगायला हवं. त्यानं घसा खाकरला.

पण बोट डावीकडे वळली होती.

बर्फ चुकवत असेल, आर्मासला वाटलं. एवढ्यात मोटर बंद झाली. बरोबर तिथंच, जिथं तो स्वतः दरवर्षी बंद करायचा, म्हणजे आतले मासे बुजत नाहीत. मागं वल्ह्यांचा आवाज झाला, सावकाश, पाणी न उडवता. बोट फटीतून आत शिरली. एका फांदीखाली रूडीनं डोकं वाकवलं ते फांदी यायच्या आधीच.

खोबणीत बोट थांबली. मागच्या वर्षीचे वाळके बोरू काठाशी कुजबुजत होते.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

रूडीनं उत्तर द्यायच्या आधी बोट एका वठलेल्या झाडाला बांधली. "हं."

"कधीपासून?"

"माझा थोरला तेव्हा शाळेत होता. आता त्याला टक्कल पडलंय. बघ तूच."

"आणि कोणाकोणाला माहीत आहे?"

"असं विचार, कोणाला माहीत नाही. नवा पास्टर आला, त्याला मासे मारायचं वेड. मग त्यालाही सांगावं लागलं. नाहीतर बिचारा चुकून इथंच आला असता."

आर्मासला राग आला. नुसता राग नव्हे, लाज वाटली. तीसेक वर्षं हा कपात बघून खोटं बोलत होता आणि अख्खं गाव मान डोलवत होतं. ताकास तूर लागू देत नाही म्हणून स्वतःवरच खूष असायचा, आणि ताक सगळ्यांनी कधीच पिऊन टाकलेलं.

"चांगलं गाढव बनवलंत मला," तो म्हणाला.

"गाढव आम्ही," रूडी म्हणाला. "तू जाऊन येईपर्यंत घरात बसायचो. तळं मोकळं, ऊन पडलेलं, हात शिवशिवताहेत, आणि बायको विचारतेय, बसलास का? तर मी म्हणायचो, आर्मास अजून गेला नाही."

"पण का? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

रूडीनं डोकं खाजवलं. इतकी वर्षं बोलत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच शब्द शोधावा लागत होता. "जागा तुझी, तूच शोधलेली, म्हणून थांबलो पहिल्यांदा. मग पडली सवय. तू यायचास, कॉफी घ्यायचास, पुलाखाली म्हणायचास, की झालं, हिवाळा संपला. मग आम्ही आपापल्या बोटी काढायच्या."

"मागच्या वर्षी मी आलो नाही."

"माहीत आहे."

"मग मागच्या वर्षी इथं कोण आलं होतं?"

"कोणी नाही," रूडी म्हणाला. "डोरीन विचारायची, आर्मास गेला का? नाही. परत आठवड्यानं विचारायची. मे संपला. कोणीच आलं नाही रे. इथं नाही आणि कुठंही नाही. पहिल्यांदा जायचं कोणी, हेच कोणाला ठरवता येईना."

आर्मासला रडू येत होतं आणि ते रूडीसमोर येऊ नये असं फार वाटत होतं. त्यानं वाकून गळाची काठी उचलली आणि बोटांनी चाचपून तो लाकडाचा मासा नीट बघितला. मग हात मागं नेऊन त्यानं तो बोरूंच्या कडेला फेकला. पडल्याचा आवाज बरोबर हवा तिथं झाला. हाताला सगळं आठवत होतं.

दोन हिसके. मग ओठातल्या ओठात प्रार्थना सुरू झाली.

"देवाला बोलावतोयस की माशाला निजवतोयस?" रूडीनं हळू विचारलं.

"दोरी बघ."

"बघतोय. बाप रे, केवढी लांब प्रार्थना ही. आमच्याकडे एवढ्यात लग्न लागतं."

पहिला आमेन झाला. दुसरा झाला. ऊन पाठीवर चढलं. रूडी चक्क गप्प होता, डोळे पाण्यावर लावून, कोट उघडा टाकून. पुढच्या खेपेला भाकर मागून झाली, क्षमेपर्यंत प्रार्थना आली आणि रूडी म्हणाला, "आता."

ओरडून नव्हे. शेजारी बसलेल्या माणसाला मीठ दे म्हणावं तसं.

आर्मासनं काठी वर घेतली आणि टोकाला वजन आलं. बास वर उसळला नाही, थंड पाण्यात उसळत नाही तो. नुसता खाली खाली जात राहिला. आर्मासनं घाई केली नाही. दोरी गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत त्यानं मासा बोटीशी आणला आणि बाही भिजवून हात पाण्यात घातला. जबड्यात अंगठा घालून मासा धरला. हात बधिर झाला तरी सोडवेना.

मान एका बाजूला करून त्यानं डोळ्याच्या कडेनं बघितलं. आधी हिरवी पाठ दिसली, मग अंगावरचा काळा पट्टा, मग एक गोल डोळा.

"मोठी आहे," रूडी म्हणाला. "पोटात अंडी आहेत."

"दिसतंय मला," आर्मास म्हणाला, आणि गळ काढून त्यानं तिला पाण्यात सोडलं. या दिवसांत कायद्यानं सोडावंच लागतं. नसतं सोडावं लागत, तरी त्यानं सोडलंच असतं. ती क्षणभर त्याच्या तळहातावर तशीच थांबली, मग सावकाश निघून गेली. दोघांनी पेस्ट्या खाल्ल्या. कॉफी पिताना रूडीनं छपराची गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुन्हा सुरू केली, आणि आर्मासनं ती पूर्ण ऐकली.

दुपारी डोरीनच्या दुकानात नेहमीचे लोक होते. अळ्यांच्या डब्यांपाशी पास्टर उभा होता, शेगडीजवळ दोघंतिघं म्हातारे. दार उघडलं तसं बोलणं थांबलं. डोरीननं काही न विचारता कप भरला आणि आर्मासच्या हातात अगदी नीट धरवला.

"लागले का?" तिनं विचारलं.

"लागला एक. बरा होता."

"कुठं?"

आता खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. सगळे जाणत होते, आणि सगळे जाणतात हे आता तोही जाणत होता. रूडी, हयातीत कुठली बातमी पोटात न ठेवलेला, बुटाच्या नाड्या बघत उभा होता. आर्मासनं कपात बघितलं. कप दिसला नाही, कपाभोवतीची बोटं दिसली.

"पुलाखाली," तो म्हणाला.

"हो का," डोरीन म्हणाली. "पाणी गार असेल अजून तिथं."

"गारच होतं."

पास्टरनं गंभीरपणे मान डोलवली. शेगडीजवळचा एक म्हातारा उठला, टोपी चढवली आणि बायको वाट बघत असेल असं काहीतरी पुटपुटत घाईनं बाहेर पडला. मग दुसराही उठला.

आर्मास घरी येऊन खिडकीशी बसला. रस्ता त्याच्या घरावरूनच धक्क्याकडे जातो. पहिली गाडी गेली, मागं बोटीचा गाडा खडखडत होता. मग दुसरी गेली. मग लागोपाठ जातच राहिल्या. सायमा पडदा बाजूला करून त्याला नावं सांगत होती, आणि एकदोघांना तिनं खिडकीतूनच हटकलं.

"कुठं निघाले म्हणे सगळे?" आर्मासनं विचारलं.

"पुलाखाली," सायमा म्हणाली, आणि त्याच्या ओल्या बाहीचा सदरा वाळत घालायला घेऊन गेली.