साहेबांना कळवू नका

सांगतो, पण एका अटीवर. ऐकताना चहाचा घोट तोंडात धरायचा नाही. मागे एकाला सांगत होतो, तर पठ्ठ्याने सगळा चहा माझ्या शर्टावर उडवला. तुम्हाला हसू येईल हो, पण ते तीन दिवस कसे काढले ते माझं मलाच माहीत.

मी मंदार परब. राहायला मुलुंडला, नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत. आमची कंपनी वायफायचे डबे बनवते. त्या डब्यांच्या आत एक खुली ऑपरेटिंग सिस्टिम चालते. खुली म्हणजे तिचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. त्यातला नेटवर्किंगचा भाग जगभरची माणसं मिळून लिहितात. काही जण मोठ्या कंपन्यांच्या पगारावर, आणि काही माझ्यासारखे, रविवारी दुपारी झोप येत नाही म्हणून.

माझी ताई घाटकोपरला झेरॉक्सचं दुकान चालवते. तिच्या कॉम्प्युटरवर हीच सिस्टिम मी हौसेने टाकून दिली होती. आणि झालं काय, मोठी फाइल आली की नेट गायब!

"मंद्या, तू कसला रे इंजिनीयर?" ताई फोनवर कडाडली. "गिऱ्हाईक समोर उभं, आणि माझं नेट झोपलंय!"

झोंबलं ना! रविवारी मांडी ठोकून बसलो. ताईच्या कॉम्प्युटरवर होता तोच कोड उघडला, आणि चूक सापडली. चार ओळींची दुरुस्ती!

आता अशी दुरुस्ती पाठवायची रीत काय, तर ती एका मेलिंग लिस्टवर टाकायची. तिथून ती हजारो लोकांना जाते आणि कायमची जपून ठेवली जाते. खाली सही करावी लागते, की हे काम द्यायचा मला हक्क आहे. केली सही. काय ऐट होती म्हणून सांगू! पाठवलं आणि मस्त ताणून दिली.

सोमवारी ऑफिसात उत्तर आलं. जर्मनीतले कुणी एक गृहस्थ लिहितात, 'तुमच्या कंपनीनेही हातभार लावायला सुरुवात केली, हे पाहून आनंद झाला.'

माझ्या कंपनीने? तिचा काय संबंध?

मग पाठवलेलं मेल उघडून पाहिलं. लॅपटॉप ऑफिसचा. त्यामुळे मेल गेलं ऑफिसच्या पत्त्यावरून. सहीखाली कंपनीचं नाव ठळक अक्षरांत! आणि आमच्या करारात स्पष्ट लिहिलंय, कंपनीच्या मशीनवर लिहिलेली प्रत्येक ओळ कंपनीची. लेखी परवानगीशिवाय बाहेर गेली, की तुम्हीही बाहेर.

म्हणजे मी कंपनीचा माल चोरून जगाला वाटला होता, आणि वर 'हक्क आहे' म्हणून सही ठोकली होती!

शहाणा माणूस अशा वेळी काय करेल? गप्प बसेल. मी काय केलं? मी दुसरं मेल लिहिलं. 'माझं आधीचं पत्र कृपया काढून टाका. ते चुकून गेलं आहे. माझे साहेब फार कडक आहेत. त्यांना कळलं तर माझी नोकरी जाईल. कृपया साहेबांना कळवू नका.'

शेजारच्या टेबलावरची प्राची माझ्यासोबतच लागलेली. तिला दाखवलं. तिने कपाळावर हात मारला.

"अरे येड्या, हे कुणाला पाठवलंस?"

"त्या जर्मन माणसाला."

"वरती बघ ना! लिस्टला पाठवलंयस. हे पण सगळ्यांना गेलं!"

वाट लागली, यार! तासाभरात उत्तरं यायला लागली. ब्राझीलहून एक जण म्हणाला, 'काळजी करू नकोस भावा, पण इथलं काही पुसता येत नाही.' एक बाई कॅनडातून म्हणाल्या, 'तुझ्या साहेबांशी शांतपणे बोलून बघ.' प्रत्येक उत्तराखाली माझं रडगाणं पुन्हा छापलेलं!

त्या दिवसापासून माझं जेवण सुटलं. लिफ्टमध्ये कुणी नुसतं 'काय मंदार' म्हटलं तरी मी पुढच्याच मजल्यावर उतरायचो. आमचे साहेब, म्हणजे कांबळे सर, कधी आवाज चढवत नाहीत, पण ते माझ्या टेबलाजवळून गेले की मी पडलेलं पेन शोधायला टेबलाखाली जायचो. मंगळवारी तीनदा गेलो. पेन खिशातच होतं.

बुधवारी सकाळी एचआरच्या डिसोझा मॅडमचा मेसेज आला. 'तुझ्या नेटवर्किंग कॉन्ट्रिब्युशनबद्दल बोलायचंय. बाराच्या आत भेट.'

कॉन्ट्रिब्युशन! नेटवर्किंग! संपलं सगळं.

"हे बघ," प्राची म्हणाली, "आधी तू तोंड उघडू नकोस. ती काय विचारते ते ऐक. कळलं?"

"कळलं."

कसलं कळलं! मॅडमच्या केबिनचं दार उघडलं, त्या म्हणाल्या, "ये मंदार, ते तुझं कॉन्ट्रिब्युशन..." आणि माझा बांध फुटला.

"मॅडम, मीच पाठवलं! चारच ओळी होत्या! ताईचं नेट जात होतं म्हणून केलं, मॅडम. लॅपटॉप ऑफिसचा होता, पत्ता ऑफिसचा होता, पण मनात पाप नव्हतं! आणि गेल्या महिन्यात दाढ दुखते म्हणून सुट्टी घेतली ना, ती पण दुखत नव्हती!"

दाढेचं कुणी विचारलं होतं का? नाही! पण भीती एकदा बोलायला लागली की थांबते का?

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"मंदार, शुक्रवारी नेटवर्किंग लंच आहे. सगळ्या डिपार्टमेंटची माणसं एकमेकांना भेटणार, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. यादीत तुझ्या नावापुढे रिकामं आहे. मी विचारणार होते, तू कोशिंबीर आणतोस की गोड?"

"को... कोशिंबीर," मी म्हणालो.

"गुड. पण आता तू जे बोललास ते मी ऐकलं ना. मला कांबळे सरांना बोलवावंच लागेल."

सर आले. खुर्चीत बसले. माझ्याच फोनवर माझं मेल मोठ्याने वाचायला लागले, हळू, एकेक शब्द. "'माझे साहेब फार कडक आहेत.' असं?"

"सर, ते इंग्रजीत जरा जास्तच कडक वाटतं."

सर हसले नाहीत. मनात मी घरी काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो.

"त्या लोकांनी तुझी दुरुस्ती घेतली का?"

"माहीत नाही, सर. दोन दिवस मेल उघडायची हिंमत नाही झाली."

सर बोटाने खाली खाली जात राहिले. एके ठिकाणी थांबले. वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. नेटवर्किंगचा तो भाग सांभाळणाऱ्या माणसाने लिहिलं होतं, 'आपण फार जुना कोड वापरत आहात. ही चूक आम्ही तीन वर्षांपूर्वीच दुरुस्त केली आहे. आपल्या चार ओळींची गरज नाही. कृपया सिस्टिम अपडेट करावी.'

म्हणजे ताईच्या दुकानात जाऊन एक बटण दाबायचं होतं. एक बटण!

"डिसोझा मॅडम," सर शांतपणे उठत म्हणाले, "यात मी काय कारवाई करू? ह्याने चोरीचा कबुलीजबाब सगळ्या जगाला दिला, आणि चोरी काही ह्याला जमली नाही."