तारनाक्याच्या क्लिनिकमधल्या आमच्या चुका

मनाला बसलेला धक्का हलका करणं हे आमचं काम. ते करताना आम्ही कधी कधी नवाच धक्का देतो! तारनाक्याच्या क्लिनिकमध्ये आम्ही तीन थेरपिस्ट. शनिवारी चहाबरोबर आपापल्या चुका आमच्या सीनिअर वसुधा मॅडमना सांगायच्या, हा नियम. नीट पार पडलेलं सेशन कुणाला आठवत नाही. फसलेली मात्र साठत जातात. (नावं बदलली आहेत. चुका जशाच्या तशा.)

*

गोविंदरावांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान. एका स्कूटरनं ठोकल्यापासून त्यांना रस्ता ओलांडता येईना. मी नवी, उत्साही! पाच सेशन्स त्यांचं बालपण खणत बसले. वडील रागवायचे का? आई जवळ घ्यायची का?

सहाव्या वेळी आईच आली. पंच्याहत्तरीची, तरतरीत.

"मॅडम, त्याला स्कूटरनं ठोकलं. मी नाही!"

गोविंदराव हळूच म्हणाले, "बचपन नक्को मॅडम. रोडचं बघा."

मग आईनंच आम्हा दोघांचे हात धरले आणि समोरचा रस्ता पार करून दिला.

*

माझी सहकारी किरण भारी हळवी. एका बाईंची हकिकत ऐकता ऐकता तीच हुंदके देऊ लागली. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. स्वतःचं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या आठवड्यात बाईंनी दारातूनच विचारलं, "आता कसं वाटतंय तुम्हाला?"

*

नितीनच्या बसचा टायर फुटला होता. तेव्हापासून मोठा आवाज झाला की तो थरथरायचा. मी संथ आवाजात सांगत होते, "इथे तू पूर्ण सुरक्षित आहेस..." तेवढ्यात बाहेर धडाम!

नितीन वाकून म्हणाला, "मॅडम, ट्रान्सफॉर्मर उडाला. टेबलाखालून बाहेर या."

*

मालतीकाकूंच्या वेळी मात्र हसू आलं नाही. अंबरपेठच्या निवृत्त शिक्षिका. घरच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टमध्ये तीन तास एकट्या अडकल्या होत्या. तेव्हापासून चार मजले जिना. गुडघे गेले, पण लिफ्ट नको.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "डोळे मिटा. पुन्हा त्या लिफ्टमध्ये जा. काय दिसतंय?"

त्यांना दरदरून घाम फुटला. उठल्या, निघून गेल्या. पुन्हा आल्याच नाहीत.

शनिवारी मी सांगितलं, "त्यांची तयारी नव्हती."

"त्यांची तयारी नव्हती," वसुधा मॅडम म्हणाल्या, "की तुला घाई होती?"

चहा तसाच ठेवला. काकूंना फोन लावला. "चूक माझी होती, काकू. मी तुम्हाला ढकललं."

मग वर्गात शोभेल असा आवाज. "येईन. पण लिफ्टचा विषय मी काढेन. तुम्ही नाही."

दोन महिने काकू आमचाही जिना चढून येत राहिल्या. भजनी मंडळ, सुनेची आमटी, शाळेतली भांडणं. लिफ्टबद्दल कधी दोन वाक्यं, कधी एकही नाही. मी जीभ आवरून ऐकत राहिले!

एका मंगळवारी वेळ टळून गेली तरी काकूंचा पत्ता नाही. मी घाबरून खाली धावले. काकू आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये उभ्या होत्या. एका हातानं दार अडवलेलं, दुसऱ्या हातात पर्स घट्ट आवळलेली.

"या मॅडम, आत या," त्या म्हणाल्या. "आणि डोळे उघडे ठेवा!"